बोलकी फीत आणि राहिलेले कडवे

सुज्ञ व रसिक वाचकांना प्रथम वंदन करून कळविण्यात येते की, पुढील मजकुरात कोणा राजाची लढाई नाही, गुप्त खजिन्याचा शोध नाही, आणि कोणाचा खूनही पडत नाही. घोडेगाव येथील एक कपडे शिवणारे गृहस्थ, त्यांचा शेजारी असलेला टेप दुरुस्त करणारा एक मित्र आणि एका गीताचे चार ओळींचे कडवे, एवढ्याच सामग्रीवर ही कथा उभी केली आहे. तथापि ज्या माणसाची कमाई म्हणजे केवळ त्याचा शब्द, त्याचा तो शब्दच खोटा ठरण्याची वेळ आली म्हणजे त्याच्या अंतःकरणात जे रण माजते ते कोणत्याही लढाईहून कमी नसते, असे या लेखकाचे नम्र मत आहे. ते कितपत खरे, हे वाचकांनी अखेरीस ठरवावे.

सन १९९६ च्या सुमारास घोडेगावी, जनावरांच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याची दोन दुकाने खांद्याला खांदा लावून उभी होती. एका दुकानात रंभाजी जगधने कपडे शिवीत असत आणि दुसऱ्यात फैयाज इनामदार रेडिओ, टेप व घड्याळे दुरुस्त करीत असे. मधल्या पत्र्याला वीतभर भोक पडलेले होते. त्या भोकातून फैयाजकडचे गाणे रंभाजींकडे येई, आणि रंभाजींकडचा चहा फैयाजकडे जाई.

रंभाजींचे वय त्या वेळी पंचेचाळीस व शिक्षण इयत्ता सातवी. गावातील लहानथोर त्यांना नाना म्हणत. माप घेण्यात त्यांचा हात असा पक्का होता की, कापड कातरीखाली घेण्यापूर्वी ते तीन वेळा मोजीत, आणि मगच कातर चालवीत. परंतु कपडे शिवणे हा त्यांचा पोटाचा उद्योग होता. जिवाचा उद्योग निराळाच होता. तो म्हणजे लोकशाहीर गहिनीनाथ आल्हाट यांची गाणी ऐकणे, आणि त्यांचा अर्थ लोकांना उलगडून सांगणे.

हे गहिनीनाथ पारनेर तालुक्यातील कोरडवाहू मुलखात जन्मले. विहिरी खणणाऱ्या टोळीत सुरुंगाची भोके पाडता पाडता ते गाणी जुळवीत, आणि संध्याकाळी तुणतुण्यावर स्वतःच म्हणत. पुण्याच्या एका कंपनीने त्यांच्या गाण्यांच्या चार फिती, म्हणजे कॅसेटी, काढल्या: 'तिसरा बैल', 'वजनकाटा', 'नव्या नावाची पाटी' आणि 'मायच्या हातची दोरी'. पुढे ती कंपनी बंद पडली, शाहिरांचा गळाही बसला, आणि ते आपल्या गावी शांतपणे मटकी-बाजरी करू लागले. बाजारात त्या फिती मिळेनाशा झाल्या. मग ज्याच्याकडे होत्या त्याच्याकडून उसन्या आणायच्या आणि फैयाजच्या दोन खणी टेपवर त्यांच्या नकला काढायच्या, असा प्रघात पडला. नगर जिल्ह्याच्या या अर्ध्या भागात गहिनीनाथांचे जे कोणी चाहते होते, त्यांच्या घरातील फीत ही फैयाजच्या फितीची लेक किंवा नात असे.

चाहते विखुरलेले होते. कोणी कोपरगावी साखर कारखान्यात, कोणी पारनेरला शाळेत, कोणी नेवाशाला वीटभट्टीवर. त्यांची गाठ कशी पडावी? तेव्हा रंभाजींच्या डोक्यातून 'बोलकी फीत' निघाली. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या आदल्या दुपारी रंभाजी आणि फैयाज टेपसमोर बसत, गहिनीनाथांचे एक गाणे वाजवीत आणि त्यावर अर्धा तास बोलत. फैयाज त्याच्या पंधरा नकला काढी. दुसऱ्या दिवशी म्हशी आणि बैल घेऊन आलेले व्यापारी परत निघाले की त्या फिती त्यांच्या टेम्पोंतून चहूकडे जात. फितीची दुसरी बाजू कोरी असे. ज्याने ऐकली त्याने आपले म्हणणे त्या बाजूवर भरायचे आणि फीत पुढच्याला द्यायची. महिन्या-दोन महिन्यांनी ती कोणत्या तरी म्हशीच्या मागोमाग घोडेगावी परत येई. असे चाळीसएक जण एकमेकांचे तोंड न पाहता एकमेकांशी बोलत होते.

या फितीला एकच नियम होता, आणि तो रंभाजींनीच घातला होता. आलेले कोणाचेही बोलणे पुसायचे नाही, मग ते शिवी का असेना. फितीच्या पाठीवर प्लॅस्टिकची चिमुकली टिकली असते. ती मोडली की त्या बाजूवर दुसरे काही भरता येत नाही. परत आलेली फीत ऐकून झाली की रंभाजी कातरीच्या टोकाने ती टिकली मोडीत, आणि फीत मशिनीच्या खणात ठेवून देत.

शिव्या फारशा येत नसत. टोमणे मात्र येत, आणि त्यांतील बहुतेक कोपरगावच्या गोरक्षनाथ रोहोम यांचे असत. हे गृहस्थ साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते, आणि मराठी विषय घेऊन बी. ए. झालेले होते. त्यांना 'वजनकाटा' ही फीत सर्वांत थोर वाटे.

"रामराम नाना," त्यांचा जाडाभरडा आवाज टेपमधून येई. "मागच्या महिन्यात तुम्ही 'तिसरा बैल'चा अर्थ सांगितला. बरा होता. पण सातवीच्या पुस्तकात रूपक हा धडा नसतो, त्यामुळे तुमचा बैल शेवटपर्यंत बैलच राहिला."

फैयाज हे ऐकून गुडघ्यावर थाप मारून हसे. रंभाजीही हसत, पण ते हसणे ओठांपुरते असे, हे घरात त्यांची पत्नी छबूबाई हिला कळत असे. गोरक्षनाथाने एकदा तरी आपला अर्थ मान्य करावा, ही एकच इच्छा त्यांच्या मनात तीन वर्षे घर करून बसली होती.

ती इच्छा 'दोरी' या गाण्याने पुरी केली.

'मायच्या हातची दोरी' या फितीतील हे अगदी शेवटचे गाणे. आटलेल्या खोल विहिरीवर एक माय पाणी ओढीत उभी आहे आणि तिचा तहानलेला लेक शेजारी बसला आहे, एवढाच त्याचा विषय. 'काथ्याची ग दोरी, हाताला ग फोडं, माझ्या माऊलीनं पाणी ओढिलं थोडं थोडं,' असे करीत गाणे पुढे सरकते, आणि 'दोरी सरली ग माये, पोहरा' या शब्दांवर एकाएकी थांबते. त्याच क्षणी फीतही संपते.

ज्या दुपारी या गाण्यावर बोलायचे होते, त्या दुपारी छबूबाई दुकानात बसून सदऱ्यांची काजे करीत होती. रंभाजींनी शेवट तीनदा वाजवून ऐकला व ते विचारात पडले.

"फैयाज, ह्ये असं मधीच का तोडलं आसंल?"

"फीत सरली आसंल," छबूबाई मान वर न करता म्हणाली.

"तू काजं कर," रंभाजी म्हणाले. "आल्हाट म्हंजी काय येडे हायेत व्हय? ज्यो मानूस इतकं मापात गातो, त्याची फीत मधीच सरंल कशी?"

आणि बोलता बोलता त्यांचे डोळे चमकले. त्यांनी फैयाजला बटण दाबावयास सांगितले, टेपच्या तोंडाशी वाकले, आणि ठेवणीतल्या भाषेत बोलू लागले.

"मंडळींना जय भीम, सलाम आणि रामराम. गहिनीनाथ आल्हाट हे मापाचे पक्के कारागीर आहेत. कापड किती आहे हे ठाऊक असल्याशिवाय चांगला कारागीर कातर चालवत नाही. तेव्हा फीत संपावी आणि ओळ उरावी, हे त्यांनी मोजून केले आहे. का केले? तर ज्या विहिरीवर आपल्या आयांना दोरी टाकू दिली जात नव्हती, त्या विहिरीत तो पोहरा अजून आहे. मायची दोरी सरली, म्हणून गाणेही सरले. राहिलेली ओळ शाहिरांनी त्या विहिरीत ठेवली आहे. ती ज्याची त्याने आपल्या दोरीने वर काढायची आहे."

फैयाजने बटण सोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "नाना," तो म्हणाला, "आज तुमी लई मोठं बोलले." छबूबाईने दोरा दाताने तोडला आणि पुढचे काज हाती घेतले.

दोन महिन्यांनी कोपरगावची फीत परत आली. गोरक्षनाथाचा आवाज आज निराळाच होता.

"रामराम नाना. तुमचा 'दोरी'चा अर्थ काट्यावर सगळ्यांना ऐकवला. ट्रॅक्टरवाल्यांनी इंजिने बंद करून ऐकला. हे गाणे मी शंभरदा ऐकले आहे, पण माझ्या बी. ए. ला हे दिसले नाही. आज तुमच्यापुढे हात टेकले."

रंभाजींनी ती फीत खणात ठेवली नाही. ती मशिनीवर, हाताशी राहिली. कपडे शिवता शिवता ते दिवसातून एकदा तरी फैयाजकडे ती भोकातून सरकवीत आणि म्हणत, "जरा आवाज बघ रं, खरखर तर न्हाई ना करत?" फैयाजला खरखर नसल्याचे ठाऊक असे, तो तरीही वाजवी. पुढे गावोगावच्या फितींवर 'नानांची दोरी' असाच शब्दप्रयोग येऊ लागला. येणेप्रमाणे त्या बोलण्यापासून आठ महिने गेले, आणि रंभाजींच्या आयुष्यात याहून सुखाचे आठ महिने दुसरे झाले नाहीत.

नवव्या महिन्यातील बाजाराच्या दिवशी सकाळी, पारनेरकडचा एक म्हशींचा व्यापारी फैयाजच्या दुकानात एक फीत टाकून गेला. ती पाठविणारी भारती ठुबे या नावाची शाळामास्तरीण होती, आणि मंडळात नवी होती. बाहेर म्हशींच्या साखळ्या वाजत होत्या, दलाल रुमालाखाली हात घालून भाव ठरवीत होते. फैयाजने फीत लावली आणि आवाज मोठा केला. रंभाजी भोकाशी कान देऊन बसले.

"नमस्कार नाना, नमस्कार फैयाजभाऊ. नानांचं 'दोरी'वरचं बोलणं ऐकून मी आमच्या शाळेतल्या मुलींना ते गाणं ऐकवलं. मला एकच विचारायचं आहे. इथल्या एका दुकानात जुन्या मालात मला कंपनीची मूळ कॅसेट मिळाली होती. तिच्यात 'पोहरा' या शब्दाच्या पुढेही गाणं आहे. नाना त्या शेवटच्या कडव्यावर काहीच बोलले नाहीत. ते पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलंय का? माझ्या मुली विचारतात. ते कडवं मी खाली भरते आहे."

मग खरखर झाली, ढोलकी आली, आणि गहिनीनाथांचा ओळखीचा आवाज अनोळखी शब्द गाऊ लागला:

दोरी सरली ग माये, पोहरा खोल खोल,
पदराची जोड दिली, गाठ मारली गोल.
पोहरा वर आला, पाणी ओंजळभर,
हसत हसत ओतलं लेकराच्या डोईवर.

कडवे दोनदा म्हटले गेले, ढोलकी नाचत नाचत थांबली, आणि गाणे रीतसर संपले.

मग फैयाज आपल्या दुकानातून उठून या दुकानात आला व कापडाच्या गठ्ठ्यावर बसला.

"नाना, ह्यो माझा गुन्हा हाय."

"कसा?"

"ती फीत म्या एका जीपवाल्याकडून दुपारपुरती आनल्ती. त्याला लगी जायचं हुतं. म्हनून म्या दुप्पट वेगावर टाकली. त्या वेगात नुसता चिमन्यांचा कालवा ऐकू येतो, गानं कळत न्हाई. म्या टाकली अन् च्याला गेल्तो. मूळ फीत साठ मिन्टाच्या वर आसंल, ह्ये ध्यानातच आलं न्हाई. आपली कोरी साठची हुती. तिथं ती सरली."

"म्हंजी सगळ्यांच्या घरी..."

"सगळ्यांच्या. माझ्याच फितीची पिलावळ ती."

रंभाजींनी मशिनीच्या चाकावर हात ठेवला. चाक गार होते. ज्या अर्थावर चाळीस माणसांनी माना डोलविल्या, ज्या अर्थापुढे गोरक्षनाथासारखा माणूस वाकला, तो अर्थ म्हणजे चहाला गेलेल्या फैयाजची चूक होती. आता हे कडवे पुढच्या बोलक्या फितीत वाजविले, तर कोपरगावच्या काट्यावर पुन्हा इंजिने बंद होतील, आणि ट्रॅक्टरवाले पोट धरून हसतील. गोरक्षनाथ सातवीचे पुस्तक पुन्हा बाहेर काढील, ते निराळेच.

फैयाज हळू आवाजात म्हणाला, "नाना, मूळ फीत आता कुठं मिळती? पारनेरात येक निघाली, बस्स. ही बाई नवी हाय. तिला सांगू, बाई, तुमची फीत म्हशीवाल्याकडून वाटंत कुठंतरी पडली. ह्या बाजूची टिकली आजून मोडलेली न्हाई. दोन बटनं दाबली की कडवं पुसलं. तुमची अब्रू माझ्यापायी जायला नगं."

रंभाजींनी भारतीची फीत घेतली, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, आणि भाकरीसाठी घरी गेले.

घरी छबूबाईने ताट वाढले. त्यांच्या तोंडाकडे पाहून तिने आपण होऊन काही विचारले नाही. अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनीच सर्व हकीकत सांगितली, कडवेही गुणगुणून दाखविले. आता ती 'म्या सांगितलं हुतं' असे म्हणेल, म्हणून ते खाली मान घालून थांबले. पण ती हसत होती, आणि ते हसणे त्यांच्यावर नव्हते.

"आमची माय असंच करायची," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पानी खाली गेलं की दोरी पुरायची न्हाई. मग ती पदर सोडून दोरीला बांधायची अन् आमाला म्हनायची, कुनी येतं का बघा गं. आमी वाटंकडं तोंड करून उभ्या. पोहरा वर आला की निम्मं पानी पदरानंच प्यालेलं आसायचं. मग तो पदर आमच्या डोक्यावर पिळायची. लई हसायची. आमाला त्याची लई मजा वाटायची."

"ह्ये तू मला कधी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं कधी? तुमी मला काजं कर म्हनाले."

रंभाजींचा घास हातात राहिला. आठ महिने आपण काय केले, हे त्यांना आता दिसू लागले. स्वतःचा अर्थ चुकला, हे दुःख होतेच. पण त्याहून एक मोठी गोष्ट होती. गहिनीनाथांची माय हिकमती होती. दोरी सरली तेव्हा ती रडत उभी राहिली नाही. तिने जोड दिली. आणि आपण मात्र त्या मायला चाळीस माणसांपुढे आठ महिने रिकाम्या हाताने विहिरीवर उभी करून ठेवली. बरे, जोड देणे ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सुचली नसती तर एक वेळ चालले असते. कापड कमी पडले तर बाहीखाली जोड देऊन अंगरखा पुरा करणे, हे तर त्यांचे रोजचे काम होते. तेच त्यांच्या ध्यानात येऊ नये?

ताटावरून उठून, हात धुऊन ते दुकानाकडे परत निघाले. बाजार उठू लागला होता. फैयाज दारातच उभा होता. त्याच्या टेपचे झाकण उघडे होते आणि पुसण्याची सर्व तयारी झालेली होती.

रंभाजींनी खिशातून फीत काढली. मशिनीवरची बारीक कातर उचलली, टोक पाठीवरच्या खाचेत घातले, आणि टिकली मोडली. तिचा तुकडा उडून कापडांच्या चिंध्यांत पडला.

"झालं," ते म्हणाले. "आता पुसायचं म्हनलं तरी व्हनार न्हाई. बस. नवी फीत लाव."

"आजच? पुढल्या महिन्याला करू की नाना. जरा मन बसू द्या."

"मन बसलं की मग त्ये उठत न्हाई. लाव."

तो महिन्याचा पहिला बाजार नव्हता, तरीही त्या दिवशी बोलकी फीत भरली गेली. प्रथम रंभाजींनी भारतीबाईंचा प्रश्न जसाच्या तसा वाजविला, मग कडवे वाजविले. नंतर ते टेपशी वाकले. ठेवणीतली भाषा त्यांनी बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, परंतु ती अर्ध्यातच सुटली.

"मंडळींना जय भीम, सलाम आणि रामराम. आपण आत्ता जे ऐकले ते मूळ गाणे आहे. माझा अर्थ चुकीचा होता. शाहिरांनी ओळ तोडली नव्हती, आपली फीत अपुरी पडली होती. फीत म्या न मोजता शाहिरांचं माप काढलं. मी चांगल्या कारागिराच्या नावावर माझी कातर चालवली, त्याची माफी मागतो. त्या दिवशी हितं दुकानात एक बाई बसली होती. ती म्हणाली, फीत सरली असंल. तिला म्या गप केलं. तिचीबी माफी मागतो."

"आनि माझं नाव घ्या की," फैयाज शेजारून म्हणाला.

"ह्यो फैयाज मधी बोलतोय. त्यो म्हनतो चूक त्याची. तर चूक त्याची दीड मिन्टाची हाय, अन् माझी आठ महिन्यांची."

त्यानंतर पंधरा फिती पंधरा वाटांनी गेल्या, आणि वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले. रंभाजी नेहमीप्रमाणे माप घेत, शिवीत, बोलत. पण टेम्पो थांबल्याचा आवाज आला की मशिनीचा पाय थांबे. पारनेरहून भारतीबाईंनी मूळ फीतच पाठवून दिली आणि सोबत कळविले की, 'नानांचा अर्थ चुकला असेल, पण तो माझ्या मुलींनी वहीत लिहून घेतला आहे, तो काही मी खोडायला सांगणार नाही.' नेवाशाच्या वीटभट्टीवरून निरोप आला की, दोन्ही ऐकले, दोन्ही आवडले, आणि बोलण्यापेक्षा गाणी जास्त वाजवा. कोपरगावहून मात्र काहीच आले नाही. एक महिना गेला, दुसराही निम्मा सरला.

"हसून हसून त्याची दातखीळ बसली आसंल," रंभाजी म्हणत.

इकडे फैयाजने एक युक्ती काढली. फितीच्या डबीला पाच बारीक स्क्रू असतात. ते काढायचे, आतली पट्टी 'पोहरा' या शब्दाशी कापायची, आणि भारतीबाईंच्या फितीवरून उतरवून घेतलेले कडवे तेथे जोडून द्यायचे. गाण्याची राहिलेली जागा सुमारे दीड मिनिटाची होती. त्याला पट्टी किती लागते, हे रंभाजींनी आपल्या गळ्यातील मापपट्टीने मोजले: साडेचार मीटर. तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा तेवढेच भरले. मग ज्यांना कडवे हवे असेल त्यांनी बाजाराला येताना आपली फीत आणावी, असा निरोप सगळीकडे गेला.

त्या बाजाराच्या दिवशी दोन दुकानांपुढे जी गर्दी झाली ती पाहून रस्त्यावरचे लोक विचारू लागले की, येथे म्हशी कोणत्या जातीच्या आहेत. रंभाजी पट्टी मोजून कातरीत होते. फैयाज नखाएवढ्या चिकटपट्टीने जोड देत होता, आणि छबूबाई स्क्रू बशीत घालून सांभाळीत होती. इतक्यात गर्दीच्या मागून एक जाडाभरडा आवाज आला.

"मापात कापा नाना. परत कमी भरायला नको."

रंभाजींचा हात थांबला. हा आवाज त्यांनी चार वर्षे ऐकला होता. माणूस कधी पाहिला नव्हता. त्यांच्या कल्पनेतील गोरक्षनाथ उंच आणि चष्मेवाला होता. समोर एक बुटका, टकलू, घामाघूम झालेला माणूस उभा होता, आणि त्याच्या हातात फितीची डबी होती.

"तुमी गोरक्षनाथ?"

"होय. एस. टी. ने आलो. टेपात बोलायचं होतं, तीनदा बटण दाबलं अन् तीनदा सोडलं. म्हटलं हे तोंडावरच सांगावं."

रंभाजी उठून उभे राहिले. जे यायचे ते उभ्याने घ्यावे, असे त्यांना वाटले.

"नाना, मी वजनकाट्यावरचा माणूस," गोरक्षनाथ म्हणाले. "गाडी शंभर किलो कमी भरली तरी मला चाक बघून कळतं. अन् माझ्या घरात आठ वर्षं एक फीत दीड मिनिटं कमी भरत होती, ते मला कळलं नाही. तुमचं कडवं वाजवलं तेव्हा काट्यावर सगळे हसले, ते खोटं नाही. पण मला विचाराल तर ते माझ्याकडं बघून हसत होते. कारण तुमच्या अर्थाला पहिली मान मीच डोलवली होती, बी. ए. असून."

"मंग आता?"

"आता काय? सातवी अन् बी. ए. एका बाकावर. आमची आई घरी वाट बघतेय, तिला ते हसायचं कडवं रोज ऐकायचंय. जोड द्या." त्यांनी डबी पुढे केली, आणि किंचित थांबून म्हणाले, "तुमच्या बोलण्याची जुनी फीत मात्र मी ठेवलीय. टिकली मोडून. अर्थ खोटा असला तरी बोलला होतात झकास."

रंभाजींनी डबी घेतली. या वेळी त्यांचे हसणे ओठांपुरते नव्हते. त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी मोजली, कातरली, आणि फैयाजने जोडली. मग ती टेपवर लावली. गहिनीनाथांचा आवाज 'दोरी सरली ग माये, पोहरा' येथपर्यंत आला, जोडावर केसभर अडखळला, आणि 'खोल खोल' म्हणत पुढे उतरला. गर्दीतून समाधानाचा एक मोठा सुस्कारा निघाला. ते अडखळणे पुढे या भागातील प्रत्येक फितीत राहिले. ती फीत खरी घोडेगावची, हे लोक त्यावरूनच ओळखू लागले.

दुपारी गर्दी पांगल्यावर चहा झाला. त्या महिन्याची बोलकी फीत अद्याप भरावयाची होती. गोरक्षनाथ म्हणाले की, शेवटच्या कडव्याचा अर्थ अजून कोणी सांगितलेला नाही, तेव्हा नानांनी सांगावा. रंभाजींनी टेप उचलला, आणि तो छबूबाईपुढे, स्क्रूंच्या बशीशेजारी ठेवला.

"मी न्हाई बाई," ती म्हणाली. "मला कुठं बोलता येतं?"

"तुझ्या मायचं सांग. घरी सांगितलं तसंच."

फैयाजने बटण दाबले. छबूबाईने डोक्यावरचा पदर नीट केला, टेपकडे जराशा संशयाने पाहिले, आणि हळूहळू सांगू लागली. आटलेली विहीर सांगितली, अपुरी दोरी सांगितली, वाटेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बहिणी सांगितल्या, डोक्यावर पिळलेला ओला पदर सांगितला. मध्ये ती स्वतःच हसू लागली, आणि तिचे हसू आवरेना. ते हसूही फितीत भरले गेले. रंभाजी दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते. आज ते एका शब्दानेही मध्ये बोलले नाहीत.

सांगून झाल्यावर तिने फिरणाऱ्या चाकांकडे बोट केले.

"आता बंद करा," ती म्हणाली, "न्हाईतर फीत सरंल."

येथे ही कथा पुरी झाली. आपला अमोल वेळ खर्चून ज्या वाचकांनी ती अखेरपर्यंत वाचली, त्यांचे हा लेखक मनःपूर्वक आभार मानतो. लिहिण्यात काही उणे राहिले असल्यास वाचकांनी आपल्या पदरची जोड द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
भिमाजी सखाराम येळवंडे
मु. पो. घोडेगाव, ता. नेवासा